जिताडीचं माहेर

एक होता राजा. त्याला मासे आवडत नसत. म्हणून त्याचं आपल्या गोष्टीत काही काम नाही. बसू दे त्याला डोंगरावर पडवळाची भाजी खात.

आपली गोष्ट आहे डोंगराखालच्या कालवपाड्याची. पाडा समुद्राला अगदी चिकटून. इतका चिकटून, की भरतीच्या वेळी लोक पाय वर घेऊन जेवायचे. तिथे राहायची धुरपाबाय. तिचा नवरा पोशा नाखवा, त्याची एक होडी, आणि एक लेक गोमती. लेक पलीकडच्या बंदरात दिलेली.

पाड्यासमोर समुद्रात तीन खडक होते. चुलीला तीन दगड असतात ना, तसे. म्हणून त्या जागेचं नावच पडलं चूल. पूर्वी चुलीत इतके मासे असायचे की होडी त्यांच्या पाठीवरूनच घसरत जायची. मग लोकांनी काय केलं, जाळी बारीक विणली. आधी जाळ्याच्या भोकातून मूठ जायची. मग बोट जायला लागलं. मग तर मुंगीलासुद्धा अंग चोरून जावं लागायचं. मोठे मासे गेले, मधले गेले, पिल्लंही गेली. राहिलं काय, तर पाणी.

अशात गोमती माहेरी आली. तिला पाचवा महिना लागला होता. आणि तिला डोहाळा लागला जिताड्याचा. जिताडा हा एक मोठा मासा, बरं का. तोही साधा नको, गाभोळीचा हवा. गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी.

आता डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. कोणी फुटलेले कान पाहिले नव्हते. पण ठाऊक होतं. धुरपाबायला तर झोप लागेना. ती पोशाला म्हणाली, "कायपण कर. माझ्या नातवंडाचे कान तुझ्या हातात आहेत."

पोशा गेला. पहिल्या दिवशी जाळ्यात मिळाली एक वहाण. दुसऱ्या दिवशी मिळाली दुसरी वहाण. जोड झाला, पण वहाणेला गाभोळी नसते. तिसऱ्या दिवशी मात्र चुलीत मिळाला जिताडा. हा एवढा, पोट टम्म. पोशाने तो हंड्यात पाणी घालून जिवंतच घरी आणला, आणि ओट्यावर टेकून बिडी ओढत बसला. त्याचं काम झालं होतं.

धुरपाबायची मासा कापायची रीत जरा उलटी होती. मासा बुळबुळीत, हातातून निसटतो. म्हणून ती आधी हळद चोळायची आणि मग कापायची. तिने जिताड्याला हळद लावली. मग हाताला मसाला लागलेला, लालभडक, ते बोट टेकलं त्याच्या कपाळाला. तेवढ्यात मांजर चढलं फळीवर. फळीवर तांदळाचं सूप होतं, ते कलंडलं. तांदूळ पडले माशाच्या पोटावर. मागोमाग नारळ घरंगळला, तो येऊन बसला तांदळावर. धुरपाबायने हात जोडले आणि मांजराला म्हणाली, "जा गो बाय. सुखाने जा."

मासा म्हणाला, "येते हं, आये."

धुरपाबायने मांजराकडे पाहिलं. मांजराने माशाकडे पाहिलं.

मासा म्हणाला, "हळद लावलीस, कुंकू लावलंस, तांदूळ घातलेस, नारळ दिलास. वर म्हणालीस सुखाने जा. ओटी भरलीस की गो माझी."

धुरपाबायने हिशोब लावून पाहिला. हळद होती. लाल टिळा होता. तांदूळ, नारळ, सगळं होतं. खणही होता, कारण मासा पुसायला घेतलेलं फडकं तिच्या जुन्या चोळीच्या खणाचं निघालं. काहीसुद्धा राहिलं नव्हतं. आणि एकदा ओटी भरली की ती झाली लेक. लेकीला कोण कापतं?

पोशा आत आला. म्हणाला, "काय गो, मासा कापला नाहीस अजून?"

"मासा होता. आता लेक आहे."

"जिताडा आहे तो. नावच बाप्याचं."

"होते ना," मासा म्हणाला. "लहानपणी बाप्याच होते. आम्ही सगळे आधी बाप्ये असतो, मोठे झालो की बाया होतो. तुम्ही मोठे मोठे बघून नेता, आणि मग विचारता पोरं का होत नाहीत. चुलीत आता नुसते भाऊ राहिलेत. आठ भाऊ आणि मी एकटी."

पोशा खाली बसला. बिडी विझली होती, तरी तो ओढत राहिला.

धुरपाबायला मात्र काही सुचेना. एका हाताला ही नवी लेक, दुसऱ्या हाताला गोमती, आणि मध्ये बाळाचे दोन कान. मग गोमतीच पोट सावरत आली आणि म्हणाली, "आये, हिला कापलीस तर मी या घरात बाळंत व्हायची नाही. उद्या माझी ओटी भरशील आणि मग कोयता शोधशील."

मिटलं. जिताडीने हंड्यात शिरण्याआधी तोंडाने चार दाणे उचलले आणि धुरपाबायच्या हातावर ठेवले. तुम्हांला माहीत आहे ना, ओटी भरली की चार दाणे परत द्यायचे असतात. माशांनाही माहीत असतं. धुरपाबायने ते पदराच्या गाठीत बांधले.

"आता मला माहेरी नेऊन सोड," जिताडी म्हणाली. "चुलीत. सव्वा महिना तिथे जाळं नको, गळ नको, नांगर नको."

धुरपाबाय तिला सोडून आली आणि तिने पाड्यात सगळ्यांना सांगितलं. लोक म्हणाले, बाईला ऊन लागलं. पाटील म्हणाला, "धुरपे, चूल बंद ठेवली तर चूल पेटणार कशी?" सगळे हसले. पाटलालाही स्वतःचं बोलणं आवडलं, म्हणून तो ते परत एकदा बोलला.

धुरपाबाय म्हणाली, "पाटील, तुमची सून बाळंत झाली तेव्हा सव्वा महिन्याच्या आत उठवलीत का बाजेवरून?"

पाटलाची सून तिथेच उभी होती. पाटील म्हणाला, "सव्वा महिना म्हणजे काय जास्त नाही."

चुलीबाहेर तर मासाच उरला नव्हता, मग सव्वा महिना पाडा सुकट खाऊन राहिला. चाळिसाव्या दिवशी पोशाने जाळं खांद्यावर घेतलं. धुरपाबाय म्हणाली, "थांब, आधी बघून येते पोरगी निघाली का." ती गेली. जिताडी निघाली होती. पण तिच्या जागी एक रावस आली होती, पोट टम्म. म्हणाली, "मावशी, मी कालच आले हो."

आता आलेल्या बाळंतिणीला परत कोण पाठवतं? धुरपाबायने ओटी भरली. रावसने चार दाणे परत दिले. पाडा आणखी सव्वा महिना कालवं खाऊन राहिला. तो संपला, तर आली एक शेवंड, कोळंबीची थोरली बहीण. तिची लाखभर अंडी पोटाखाली चिकटलेली, आणि बिचारी कोणाकडे न बघता मिशा हलवत उभी. तिचीही ओटी भरली. पुन्हा चार दाणे. पाडा आता वालाची आमटी खायला लागला. कोळ्याने वालाची आमटी खायची म्हणजे तुम्ही समजून घ्या.

पोशाने चार दिवस खाल्ली. पाचव्या दिवशी, भर दुपारी, सगळे जेवून लवंडले, तेव्हा तो गुपचूप होडी घेऊन चुलीत गेला. जाळं टाकलं. जड लागलं. ओढलं. बघतो तर बोटाएवढी पिल्लं, हजारो. आणि सगळी एका सुरात म्हणाली, "आजोबा."

पोशाने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"आजोबा," पिल्लं म्हणाली, "आम्हांला काय आणलंत?"

त्याने खिसे चाचपले. बिडीचा कट्टा निघाला, तो परत ठेवला. मग त्याने जाळं अलगद उलटं केलं आणि घरी येऊन निमूट आमटी मागितली.  धुरपाबायने आणखी वाढली. पण त्या दिवसापासून पोशा रोज चुलीजवळ होडी लावून बसायचा. कोणाची होडी जवळ आली की म्हणायचा, "लांबून जा रे. पोरं झोपलीत."

इकडे गोमतीला नववा महिना सरत आला. डोहाळा तसाच. धुरपाबाय रोज तिच्या पोटाकडे बघायची आणि मनातल्या मनात बाळाचे कान मोजायची. दोन होते. पण किती दिवस?

मग एके दिवशी काय झालं, चुलीत झाली दाटी. एवढी भाचरं झाली की मामांना उभं राहायला जागा उरेना. ते निघाले खडकांच्या बाहेर. आणि बाहेर होतं पोशाचं जाळं, आता मोठ्या भोकांचं. पहिल्या दिवशी मिळाले चार जिताडे. दुसऱ्या दिवशी चार रावस. तिसऱ्या दिवशी चार शेवंडी. मोजून चार. धुरपाबायने पदराची गाठ सोडली. बारा दाणे बांधले होते, एकही नव्हता.

ओटीतले दाणे परत आले होते, बरं का.

आता तुम्ही म्हणाल, जिताडी पोशाची लेक, तर तिचा भाऊ म्हणजे पोशाचा मुलगाच झाला. एवढं खोलात जायचं नाही. ही गोष्ट आहे, पंचायत नव्हे. पोशाने त्या चारांतल्या एका जिताड्याला आधी विचारलं होतं, "बाबा, तू कोणाचा कोण?" तो काही बोलला नाही. सगळेच मासे थोडेच बोलतात.

गोमतीने पोटभर जिताडा खाल्ला. पण तो बाप्या. त्याला गाभोळी कुठली? म्हणजे डोहाळा पुरला तो निम्माच. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. सगळा पाडा कान बघायला जमला. उजवा कान होता चांगला, तुमच्या-माझ्यासारखा. आणि डावा कान होता शंखासारखा, आत वळत वळत गेलेला.

धुरपाबायने त्याला बोट लावून पाहिलं. फुटला नव्हता. एवढं बस झालं.

पोरगी आजोळीच मोठी झाली. होडीत आडवी व्हायची, तळाला डावा कान लावायची आणि ऐकायची. पाटील दरवर्षी विचारायचा, "काय गो, झाली का चूल रिकामी?" पोरगी ऐकून म्हणायची, "नाही. अजून एक आहे आत. कालच आली." मग पाटील म्हणायचा, "सव्वा महिना म्हणजे काय जास्त नाही." असे त्याने किती सव्वा महिने काढले, ते त्यालाही आठवत नाही. चूल बंदच राहिली, आणि पाड्यातली एकही चूल विझली नाही.

हो, आणि तो राजा. त्याला खूप वर्षांनी हे कळलं. त्याने हुकूम काढला, की चुलीत कोणी मासे मारू नयेत. हुकूम डोंगर उतरून पाड्यात पोचेपर्यंत त्या पोरीलासुद्धा नातवंडं झाली होती. लोकांनी तो कागद नीट वाचला, मान हलवली, आणि त्यावर बोंबील वाळत घातले.

त्यांच्या ओट्या भरल्या, तशा तुमच्याही भरोत. चला, आता डावा कान उशीला लावा. काही आवाज येतो का? तोच समुद्र. आत कोणीतरी बाळंतीण आहे, आणि तिची पोरं नुकतीच निजलीत. आता तुम्ही बोललात तर उठतील.