पायाशी असलेला नळ

इमारतीला लिफ्ट लागायच्याही आधीची गोष्ट. गच्चीवर एक टाकी होती आणि मजल्यामजल्यावरचे नळ ही तिची मुलं. चौथ्या मजल्याचा नळ तिच्या अगदी पायाशी, म्हणून लाडका. त्याची धार मात्र शेवईएवढी. तळमजल्याचा नळ सगळ्यात लांब, तरी बादलीबाहेर उडेल इतक्या जोरात वाहायचा.

“माझंच काहीतरी चुकतंय,” टाकी लाडक्याला म्हणायची. “अजून जवळ येऊ का रे?”

“आई, आणखी जवळ आलीस तर मोरीतच येशील,” नळ म्हणायचा.

शेवटी चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी वैतागून प्लंबरला बोलावलं. “हा नळ काढूनच टाका.”

टाकीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. प्लंबर इस्माईलभाई गच्चीवर जाऊन आले. “नळ चांगलाय, बाई. टाकीच खाली बसलीय. पाणी जितक्या उंचावरून येतं, तितका त्याला जोर.”

त्यांनी उंच चबुतरा बांधून टाकी वर चढवली. “अहो, लेकरू लांब राहिलं माझं!” ती ओरडत होती.

बाईंनी नळ सोडला. बादली दणदणत भरू लागली.

“पुरतंय ना रे तुला?” टाकीने वरून विचारलं.

धारेच्या आवाजात नळाला ऐकूच आलं नाही. तिने पुन्हा विचारलं.