फूलमायाचं दही

"मग मी हात पुढे करू की नको, आर्याजी?"

आर्याजी एका पोराच्या अंगठ्याचं नख कापत होत्या आणि ते पोर सारखा हात ओढून घेत होतं.

शनिवार होता. नेपाळात सुट्टी शनिवारची. ललितपूरच्या जुन्या वस्तीतल्या त्या अनाथाश्रमात शनिवारी सगळ्या मुलांची नखं कापायची, हा आर्याजींचा नेम होता. तेवीस मुलं होती. काम संपेस्तोवर दुपार व्हायची.

आर्याजी मूळच्या कामठीच्या. चाळीस वर्षांपूर्वी एका वृद्ध भिक्खुणीकडे धम्म शिकायला म्हणून या शहरात आल्या, गुलाबी चीवर अंगावर घेतलं, आणि परत जायचं राहूनच गेलं. भाषा मात्र कामठीचीच राहिली. नागपूरकडच्या बायका बोलतात तसं त्याही 'मी करतो, मी जातो' म्हणायच्या.

आणि विचारणारा होता हेमंत देवरुखकर. रत्नागिरीचा. एका जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर अकरा महिन्यांसाठी आलेला इंजिनियर. काम कालच संपलं होतं. आज संध्याकाळचं विमान होतं. त्याची मोठी बॅग पायरीशी उभी होती.

"आर्याजी..."

"ऐकून राहिलो ना मी. बोल."

तो आपल्या तळहाताकडे पाहू लागला.

हे हाताचं काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं.

हेमंत पहिल्यांदा इथे आला तो ऑफिसातल्या लोकांबरोबर, ब्लँकेटं वाटायला. अशी माणसं पुष्कळ येत. कुणाचा वाढदिवस असे, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. मुलं ओळीत उभी राहून गाणं म्हणत, टाळ्या वाजवत, केक खात. पाहुणे डोळे पुसत, फोटो काढत, आणि ताकापुरतं रामायण आटोपून जेवायला हॉटेलात परत जात. हेमंतला त्यांची चीड आली. आपण त्यांतले नाही, असं त्याने स्वतःला बजावलं आणि पुढच्या शनिवारी तो एकटाच आला. मग दर शनिवारी येऊ लागला.

फूलमाया तेव्हा सहा वर्षांची होती. ती कुणाच्या जवळ जायची नाही. हेमंतच्या जवळ गेली.

त्याला आभाळ ठेंगणं झालं. इतक्या येणाऱ्या-जाणाऱ्यांतून पोरीने आपल्यालाच निवडलं, म्हणजे आपल्यात काहीतरी असणारच, असं त्याला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

मग गणपती आले. कोकणातला माणूस, गणपतीला घरी गेल्याशिवाय राहतोय कसला! आठ दिवसांची रजा काढली. निघताना फूलमायाने त्याची बाही धरली ती सोडेना. समजावलं, खाऊ दिला, दटावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा या गृहस्थाला आई आठवली.

"आमच्याकडे ना, निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात," तो मोडक्यातोडक्या नेपाळीत म्हणाला. "मग तो माणूस सुखरूप परत येतो."

स्वयंपाकघरातून दही आणवलं. तिच्या हातात चमचा दिला. तिने त्याच्या तळहातावर अर्धा चमचा दही घातलं, त्याने ते चाटलं, आणि तो गेला. नवव्या दिवशी परत आला.

झालं. पोरीच्या दृष्टीने दही लागू पडलं.

तेव्हापासून दर शनिवारी, तो निघाला की फूलमाया वाडगा घेऊन दारात हजर. 'हात' आणि 'दही', दोन्ही शब्द दोन्ही भाषांत तेच, त्यामुळे बाकी काही बोलायची गरजच नव्हती. तो हात पुढे करायचा. ती दही घालायची. तो पुढच्या शनिवारी यायचा. येताना मातीच्या वाडग्यातलं इथलं घट्ट दही तोच घेऊन येऊ लागला. आईला फोनवर ही गंमत सांगितली, बायकोला सांगितली. सगळी हसली.

थंडीत एकदा त्याला ताप भरला आणि शनिवार चुकला. पुढच्या वेळी फूलमायाने अर्ध्याऐवजी तीन चमचे दही घातलं. तो ते शेवटपर्यंत चाटतोय ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

"मागच्या वेळी कमी पडलं होतं," ती म्हणाली.

त्या दिवशी तो हसला होता. आज हसू येत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते त्याने अगदी हौसेने करून घेतलं होतं.

"हात पुढे केला," तो आर्याजींना म्हणाला, "तर ती दही घालेल. मग वाट बघेल. आणि मी आलो नाही, तर..."

"तर?"

"तर तिला वाटेल, दही कमी पडलं."

"हो. तसंच वाटंल तिले," आर्याजी म्हणाल्या. "मोठी होईस्तोवर वाटंल."

"मग नाहीच करत हात पुढे."

"मंग?"

"मग तिला आत्ताच कळेल."

आर्याजींनी मांडीवरची नखं कागदात गोळा केली. "चल, पुढचा कोण?" त्या म्हणाल्या. पहिलं पोर उठून पळालं, दुसरं येऊन बसलं.

इकडे आड, तिकडे विहीर. हेमंतने घड्याळ पाहिलं. आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. फूलमाया आतच होती. सकाळी त्याने आणलेलं दहीही आतच होतं. आजच्या दिवशी दही कशाला आणलं, हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं. सवयीने पाय दुकानाकडे वळले होते.

"दुपारी मुलं झोपतात ना..." तो हळूच म्हणाला. "ती झोपली, की मी..."

नेलकटर थांबलं.

"बसमंदी सापडली थे पोरगी," आर्याजी म्हणाल्या. "अड्ड्यावर. मागच्या सीटवर. हातात बिस्किटाचा पुडा होता. झोपली होती. झोपली, तवाच उतरून गेली तिची माय."

हेमंतने मान खाली घातली.

"अजून दुपारची झोपत नाई थे. निस्ते डोळे मिटून पडते."

नेलकटर पुन्हा चालू झालं.

"मी तिला न्यायला तयार होतो, आर्याजी," हेमंत एकदम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तुम्हाला माहीत आहे. चौकशी केली मी. दुसऱ्या देशातला माणूस म्हटल्यावर कागदपत्रं, कोर्ट, वर्षानुवर्षं... कायद्यात बसवणं सोपं नाही."

"कायदा मले ठाऊक हाय, बापू. घरी इचारलं?"

हेमंत बॅगेकडे पाहू लागला.

"बायकोले इचारलं का घरी?"

विचारलं नव्हतं. अकरा महिने रोज फोन होत होता. दह्याची गंमत सांगितली होती, तापाची सांगितली होती, इथल्या थंडीचीही सांगितली होती. हे तेवढं विचारलं नव्हतं. बायको नाही म्हणेल याची त्याला भीती नव्हती. ती हो म्हणाली तर काय, याची होती.

हे त्याला आज पहिल्यांदाच कळलं, आणि आर्याजींना कधीचंच कळलेलं होतं, हेही कळलं. कानशिलं तापली. आपण त्या फोटोवाल्यांपेक्षा वेगळे आहोत, या एका समजुतीवर त्याने इतके शनिवार काढले होते. ते लोक निदान एका दुपारीत निघून जात. मुलं त्यांना संध्याकाळपर्यंत विसरत.

"मला काहीतरी सांगा," तो म्हणाला. "मी विपश्यनेची दहा-दहा दिवसांची शिबिरं केली आहेत. मौन पाळलंय. सगळं अनित्य आहे, हे मला कळतं. पण आत्ता या घटकेला काय करायचं, ते कळत नाहीये. तुम्ही गुरू आहात."

"गुरू कायची मी... मी नखं कापतो."

"आर्याजी!"

"सगळं अनित्य हाय, हे कळलं तुले?"

"हो."

"मंग सांग तिले."

हेमंतला एकदम राग आला. चाळीस वर्षं ही बाई इथे बसली आहे, आणि हिच्याकडे एका पोरीसाठी दोन शब्द नाहीत! तो तोंड उघडणार, एवढ्यात आतून पावलं वाजली.

फूलमाया आली. दोन्ही हातांत मातीचा वाडगा, वाडग्यात उभा चमचा.

तिने आधी पायरीशी उभी असलेली बॅग पाहिली. बॅगेला एक फेरी घातली.

"मोठी आहे," ती म्हणाली.

मग हेमंतसमोर येऊन उभी राहिली.

"काका, हात."

हेमंतने आर्याजींकडे पाहिलं. आर्याजी नखाकडे पाहत होत्या.

"हात!"

त्याचा हात पुढे गेला. त्याने केला नाही, गेला.

फूलमायाने एक चमचा दही घातलं. मग दुसरा. बॅगेकडे वळून पाहिलं आणि तिसरा घातला. आज लांब जायचंय, हे तिच्या लक्षात आलं होतं.

हेमंत गुडघ्यांवर बसला.

"फूलमाया," तो म्हणाला, "मी परत येणार नाही."

तिने त्याच्या तळहाताकडे पाहिलं. आणखी एक चमचा घातला.

"नाही गं. येणार नाही मी."

तिने अजून एक घातला. मग वाडगा तिरका धरून अजून दोन. दही त्याच्या बोटांच्या फटींतून खाली आलं, मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेलं.

"आता?" तिने विचारलं.

आवारातली मुलं खेळायची थांबली होती.

हेमंतला वाटलं, येतो म्हणावं. एकच शब्द, आणि पोरगी हसेल. विमानात बसेपर्यंत तरी आपल्याला ते हसू पुरेल. तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

"आतासुद्धा नाही," तो म्हणाला. "सगळा वाडगा घातलास तरी नाही. तुझं दही कमी पडलं नाही, फूलमाया. त्या वेळीसुद्धा पडलं नव्हतं. त्या वेळी मला ताप आला होता. आज मीच जातोय. मीच येणार नाही."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

ती रडली असती तर त्याने तिला पोटाशी धरलं असतं. आपणही रडलो असतो, दोघांनाही बरं वाटलं असतं, असं त्याला वाटत होतं. ती रडली नाही.

तिने डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं. आणि चमच्याने त्याच्या तळहातावरचं दही खरवडून परत वाडग्यात घालायला लागली.

घाई केली नाही. आधी तळहात, मग एकेक बोट. बोटांच्या फटींत चमचा जाईना, तेव्हा चमच्याच्या दांड्याने काढलं. मनगटावरचं काढलं. वाडग्याच्या काठाला चमचा पुसला.

मग वाडगा घेऊन ती धाकट्या मुलांकडे गेली आणि एकेकाच्या तोंडात चमचा चमचा दही घालत सुटली. ती पोरं आनंदाने आ करत होती. वाडगा रिकामा झाल्यावर तिने तो नळाखाली धुतला, पालथा घातला.

आणि आर्याजींसमोर येऊन बसली.

"नखं," ती म्हणाली.

आर्याजींनी तिचा हात हातात घेतला. पहिलं बोट त्यांना नीट धरता येईना. मग आलं.

हेमंत उठला. बॅग उचलायला गेला, तर उजवा हात अजून चिकट होता. त्याने डाव्या हाताने बॅग ओढली. आवार ओलांडलं, दार उघडलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. गल्लीत ऊन होतं, टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

त्याला पुढे जाववेना. तो तिथूनच वळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आर्याजी..." तो म्हणाला. "मी खरं सांगितलं तिला. बरोबर केलं ना मी?"

आर्याजींनी पुढचं बोट धरलं.

"आर्याजी, एवढं तरी सांगा."

आर्याजींनी मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यामागच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"जाताना दार लावून घे, बापू," त्या म्हणाल्या. "लेकरं तिकडंच पाहून राहिले."