दिवसा जागणारे काजवे

फार पूर्वी रानातली पिलं झाडाच्या ढोलीत शिकत, तेव्हाची गोष्ट. ढोलीत इतका अंधार की काजव्यांना दिवसाही उजेड द्यावा लागे. बिचारे थकून खाली पडत.

घरटी बांधायला शिकणारी वेणू सुगरण म्हणाली, "बाई, आणखी काजवे आणू."

"आधी दिवसभर वर्गात बसून बघ," तिच्या बाई म्हणाल्या.

वेणू धुसफुसत बसली. दुपारी तिला दिसलं, शोभेच्या वेलीने ढोलीची खिडकीच झाकून टाकली होती.

"मी हौसेने लावलीय ती," तिने वेलीला चोच लावताच मोर हेडमास्तर खेकसले.

"असेल सर. पण काजवे मरतायत," म्हणत वेणूने चोचीने खिडकी मोकळी केली. ऊन आत आलं. काजवे झोपले.

"झालं की तुझं काम," बाई म्हणाल्या.

"कुठलं बाई? उन्हाळ्यात हेच ऊन पिलांना भाजेल. उद्या पुन्हा बसून बघते."