येसू परटिणीनं दरबारात चेंडू फेकवला

मंडळाच्या अंकात एक पान कोरं राहिलं म्हणून माझ्या मागे लागलात. चौथी नापास माणसाकडून गोष्ट लिहून घेताय, तर शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा. मधे कुणी प्रश्न विचारायचा नाही.

बोरवणच्या राजा धुरंधररावांची मिशी धोक्यात आली होती.

झालं असं, की शेजारच्या राजाशी त्यांनी पैज मारली. दसऱ्याला झेलचेंडूचा सामना, आणि हरेल त्या राजानं मिशी उतरवायची. झेलचेंडूत एक गडी फेक्या असतो. चार-पाच दांडगे त्याच्याभोवती उभे राहून समोरच्यांना अडवतात, बाकीचे लांब पळतात आणि त्यानं फेकलेला चेंडू झेलतात. म्हणजे फेक्या चांगला तर सगळं चांगलं. आणि बोरवणचा जुना फेक्या नेमका झाडावरून पडून पाय मोडून बसलेला.

उरले दोन कोवळे. एक सरदारांचा भाचा सर्जेराव, दुसरा म्हशीवाल्याचा हैबती. दोघे यंदाच खेळायला लागलेले, तीन-तीन सामने झालेले. सर्जेरावाच्या संघात सगळे तालमीतले पैलवान. हैबतीच्या वाट्याला मुदपाकखान्यातले आचारी.

सामन्याच्या आदल्या सकाळी राजानं दरबार भरवला.

"दोघांत सरस कोण, आत्ता सांगा. पुन्हा खेळवून बघायला वेळ नाही. आणि जो चुकीचं सांगेल त्याची मिशी माझ्याआधी जाईल."

सगळा दरबार आपापली मिशी चाचपत बसला. प्रधान त्र्यंबकपंत तेवढे उठले. त्यांना मिशीच नव्हती.

"महाराज, मी प्रत्येक फेक लिहून ठेवलीय. सर्जेराव, फेकी तीस, झेलल्या गेल्या बावीस. हैबती, फेकी तीस, झेलल्या गेल्या नऊ. यात विचारायचं काय?"

"नऊ?" राजा म्हणाला. "त्याला म्हशींकडे परत पाठवा."

हैबती मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या मागे येसू परटीण उद्याच्या सामन्यात घालायच्या बंड्यांचं गाठोडं घेऊन कधीची ताटकळत होती. तिचं डोकं उन्हानं तापलेलं, आणि आता हे ऐकून आणखी तापलं.

"पंत, तुम्ही सामना बघता का वही बघता?" ती म्हणाली.

त्र्यंबकपंतांनी वळून बघितलं. "तू आधी बंड्या दाखव. बघा महाराज, सगळ्यांवर डाग! धुतल्यात का नुसत्या भिजवल्यात?"

"दर फेकीआधी चेंडूला देवीच्या नावानं गेरू चोळता तुम्ही लोक. गेरू माझ्या बापाच्यानं निघत नाही. पण बरंय राहिलेत ते. महाराज, मी सांगते सरस कोण ते."

राजा पुढे वाकला. "चुकलीस तर? तुला मिशी नाही."

"मला घाट आहे."

"ठीक. चुकलीस तर नदीचा घाट सोडायचा."

त्या घाटावर तिच्या आजीनं कपडे आपटले होते. येसूनं गाठोडं सोडलं.

"या सर्जेरावांच्या झेलणाऱ्यांच्या बंड्या. गेरू कुठं लागलाय बघा. बगलेत, खांद्यावर, हा तर पाठीवर! चेंडू जाईल तिकडं बिचारे उड्या मारून झेलतात. आता या आचाऱ्यांच्या बघा. प्रत्येकीवर डाग छातीच्या मधोमध. चेंडू घरपोच आलाय, यांच्या हाताला तूप."

"आचारी आहेत, तूप असणारच," राजा म्हणाला.

"आणि ही सर्जेरावांची स्वतःची बंडी. सामन्याहून धुवायला येते तरी परीटघडी मोडलेली नसते हो! पैलवान कुणाला जवळ येऊ देत नाहीत. हैबतीच्या बंडीला पाठीवर सहा ठिगळं. आचारी बाजूला होतात, हा आडवा पडतो, आणि पडता पडता फेकतो तेही छातीवर."

"डागांवरून मिशी पणाला लावू होय?" राजा कुरकुरला.

"मग स्वतः झेला की. दोघांची एकेक."

राजा सिंहासनावरून उतरून उभा राहिला. हैबतीनं गेरू चोळून दरबाराच्या टोकावरून चेंडू फेकला. तो सरळ राजाच्या छातीवर, जरीच्या अंगरख्याच्या मधोमध बसला. राजानं हात पुढं आणले तोवर चेंडू खाली. मग सर्जेरावानं बाही सावरून फेकला. त्यानं छताची काचेची हंडी फोडली, पंतांची पगडी उडवली, आणि दारातल्या भालदारानं भाला टाकून उडी मारून तो कसाबसा धरला.

"पंत, काय लिहिलंत?" येसूनं विचारलं.

सवयीप्रमाणे त्यांनी लिहिलं होतंच. त्यांनी वाचलं, "सर्जेराव, झेलला. हैबती, पडला."

"पडला तो कुणाच्या चुकीनं? फेकणाऱ्याच्या म्हणाल, तर महाराजांच्या छातीवरचा डाग बघून म्हणा. झेलणाऱ्याच्या म्हणाल, तर झेलणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचा."

पंतांनी राजाकडं बघितलं, डागाकडं बघितलं आणि वही हळूच अंगरख्याखाली सारली.

राजा असा हसला की त्याला खालीच बसावं लागलं. "उद्या हैबती फेकेल! आणि झेलायला तालमीतली पोरं द्या, माझ्यासारखे आचारी नकोत!"

दुसऱ्या दिवशी शेजारचा राजा तोंडावर उपरणं घेऊन घरी गेला. धुरंधररावांनी येसूला घाट कायमचा लिहून दिला, वर चांदीचे तोडे दिले.

"आणखी काय हवं?"

"चेंडूचा गेरू बंद करा, महाराज. हात सोलतात."

"तो कसा बंद करू? मग खरं कळणार कसं?"

"तर मग झेलचेंडूच्या बंड्या इथून पुढं पंतांनी धुवाव्यात. हिशोब लिहितात तेच, तर खरं कळूही दे त्यांनाच."

राजा हसता हसता पुन्हा खाली बसला. पंत वर्षभर घाटावर दिसत होते.

संपली गोष्ट. आमच्या जत्रेच्या सामन्यात मी छातीवर दिलेला चेंडू खाली पाडून जो "फेकच वाकडी होती" असं गावभर सांगत फिरला, त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. त्याचं नावच सांगतो, गणपा वेताळ, कुंभारवाड्यातला.