बाजाराची शेड पुण्यात

पोलादी बांधकामांच्या स्पर्धेत पर्यावरणपूरक रचनेचा पुरस्कार ठरायचा होता. इंजिनिअर शर्मिष्ठा गावंडे हिने जुन्या जिनिंग मिलच्या लोखंडातून मूर्तिजापूरच्या आठवडी बाजारासाठी छोटी शेड उभारली होती. पुरस्कार मिळाला, तर आणखी गावं तशी शेड मागणार होती.

परीक्षकांचे अध्यक्ष राजोपाध्ये यांनी फोटो पाहून नाक मुरडलं. "बाई, जिकडेतिकडे नटबोल्टच! वेल्डिंग परवडलं नाही वाटतं? आणि एवढ्या लांब कोण येणार? स्पर्धेतला हा समोरचा काचेचा टॉवर बघा, इथंच पुण्यात आहे. फारच हौस असेल, तर आणा तुमची शेड इकडे!"

सगळे हसले. शर्मिष्ठा "बरं, सर," एवढंच म्हणाली.

निकालाच्या दिवशी राजोपाध्ये गाडीतून उतरले, तर स्पर्धेच्या कार्यालयाच्या आवारात तीच शेड उभी!

"हे काय?"

"तुम्हीच आणायला सांगितलीत ना, सर? बोल्ट खोलले, ट्रकमध्ये भरली, इथं जोडली. लोखंडाचा तुकडाही वाया गेला नाही. पुढच्या बाजाराच्या दिवसाआधी परत नेते. आता टॉवरवाल्यांनाही सांगा, त्यांचा टॉवर एकदा मूर्तिजापूरला आणून दाखवा म्हणावं."

बाकीच्या परीक्षकांनी पुरस्कार शेडलाच दिला. निकालावर सही मात्र अध्यक्ष म्हणून राजोपाध्ये यांनाच करावी लागली.