दक्षिणेत दिलेला चंद्र

सन २०१०. वैशाख, अमावास्या उलटलेली.

“…मग चंद्र काढायला का लावलात?” हरेश्वर नाखवाने विचारले.

धारप गुरुजी ओट्यावर बसले होते. आकाशात फार उंच विजेचा एक थर आहे. रेडिओच्या लहरी त्याला आपटून परत येतात. त्याला आयनांबर म्हणतात. गुरुजींचा जन्म त्याच्या अभ्यासात गेला. हरेश्वर त्यांचा शिष्य. वीस वर्षांनी दारात आला होता.

“बस आधी.”

“बसायला नाही आलो. गेल्या वर्षीच्या पौषात उत्तर ध्रुवावरची वरची हवा एकाएकी तापली. त्याच दिवसांत आपल्या डोक्यावरचा थर हलला. सकाळी वर चढला, दुपारी खाली बसला. रोज थोड्या उशिराने, चंद्राच्या चालीने. आता सगळीकडे छापून आलंय.”

“वाचलं मी.”

“समुद्रासारखी हवेलाही चंद्रामुळे भरती असते. एरवी बारीक. ध्रुवावर हवा बिघडली की जोर धरते. मी वीस वर्षांपूर्वीच प्रबंधात लिहिलं होतं, गुरुजी.”

“लिहिलं होतंस.”

“तुम्ही भरसभेत म्हणालात, कोळ्याच्या पोराला जिथं तिथं भरतीच दिसते.”

सगळी सभा हसली होती.

त्या दिवशी सभा संपल्यावर हरेश्वरने विचारले होते, दक्षिणा काय देऊ? गुरुजी म्हणाले होते, प्रबंधातून चंद्र काढ, तीच दक्षिणा.

त्याने काढला. पदवी मिळाली. ती पेटीत ठेवून तो बंदरावर गेला. तिथे आजही बर्फाचा कारखाना चालवतो.

“माझं खरं होतं, हे तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”

“तरीही काढायला लावलात?”

“तीस वर्षं मी तोच थर बघत होतो. मला दिसलं नाही. तुला पहिल्याच हिवाळ्यात दिसलं.”

गुरुजी भिंतीला धरून उठले. पायरी उतरले आणि अंगणात, शिष्य बसत त्या जागी मातीत बसले.

“उठा, गुरुजी. शोभत नाही.”

“आता तू दक्षिणा माग.”



“ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर सांगा.”

“त्यांतलं कुणी राहिलं नाही रे.”

“मग राहू द्या.”

तो वळला. फाटकाशी पोचला तेव्हा मागून आवाज आला.

“हरेश्वर, त्या दिवशी सगळ्यांबरोबर तूही हसला होतास. हसणाऱ्यांतला तूच उरलास. तुझ्यासमोर सांगतो. चंद्र होता.”