हसण्याचे हरभरे, रडण्याचे खडे

सुखाचे माप काढता येते, असे ज्याच्या डोक्यात पक्के बसले होते, त्या राजाची ही गोष्ट. त्याचे नाव रणधवल. राज्य लहान, पण कारभार नेटका. राज्यात विहिरी किती, बैल किती, आंब्याची झाडे किती, सगळे त्याला तोंडपाठ. एखादी गोष्ट मोजून झाली की तिचा प्रश्न सुटला, अशी त्याची साधी समजूत होती. आणि बैलांच्या बाबतीत ती खरीही होती.

त्याला हेमावती नावाची धाकटी बहीण होती. आईवडिलांच्या मागे त्यानेच तिला वाढवले. हेमावती दिवसभर तबेल्यात असे. लंगडणारा घोडा, सुजलेला खूर, चारा सोडलेले शिंगरू, सगळे तिच्या हाताने बरे होई. तिच्यासाठी शेजारच्या राज्यातून स्थळ आले. राजपुत्र देखणा होता, शहाणा होता, घोड्यांवर त्याचाही जीव होता. अडचण एवढीच होती की हेमावतीला लग्नच नको होते.

“दादा, त्यांच्यात काही खोट नाही,” ती म्हणाली. “मला कोणाशीच लग्न करायचं नाही.”

“वेडी आहेस का? नवरा नाही, लेकरू नाही, अशी बाई कधी सुखी असते का?”

“असते की.”

“कशावरून?”

“नसते हे तरी कशावरून?”

दुसरा राजा असता तर भडकला असता. रणधवलाचे डोळे चमकले. हा तर मोजायचा प्रश्न होता!

“ठरलं,” तो म्हणाला. “एक महिना मोजून पाहू. एकटी बाई जास्त सुखी निघाली, तर तुझ्या लग्नाचं नाव काढणार नाही. लेकुरवाळी जास्त सुखी निघाली, तर तू मुकाट्याने बोहल्यावर उभं राहायचं. कबूल?”

दादा दिलेला शब्द पाळतो, हे हेमावतीला ठाऊक होते. दुसरी वाटही दिसत नव्हती. मन घट्ट करून ती म्हणाली, “कबूल.”

हे काम त्र्यंबकपंतांकडे आले. पंत दरबारातले सर्वांत जुने कारकून. लबाडी त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. हेमावतीला लहानपणी पाटीवर अक्षरे त्यांनीच गिरवायला शिकवली होती.

पंतांनी गावात हिंडून समोरासमोरची दोन घरे निवडली. एक घर सगुणाचे. सगुणा घोंगड्या विणायची. वय चाळिशीच्या पुढे. लग्न राहून गेले का असे कोणी विचारले, की ती म्हणे, “राहून न्हाई गेलं, केलंच न्हाई.” समोरचे घर भिवराचे. तिचा नवरा तेलाचा घाणा चालवी. घरात म्हातारी सासू आणि सात मुले, त्यांतले शेवटचे अजून पाळण्यात.

दोन घरांच्या मधोमध कडुलिंबाखाली पंत चार मडकी घेऊन बसले. प्रत्येक घराची दोन. कोणी हसले की एका मडक्यात हरभरा टाकायचा, कोणी रडले की दुसऱ्यात खडा.

सोपे वाटले होते, पण पहिल्याच दिवशी पंतांना घाम फुटला. भिवराचे तान्हे दुपारपर्यंत एकवीस वेळा रडले. पंतांनी राजाकडे जासूद धाडला: तान्ह्याचे रडणे धरावे काय? उत्तर आले: धरू नये. कांदा चिरताना आलेले पाणी? धरू नये. दुसऱ्याची फजिती पाहून हसणे? राजाने यावर अर्धा दिवस विचार केला आणि कळवले, धरावे, कारण ते वगळले तर गावात हसणेच उरणार नाही.

पाचव्या दिवशी भिवराच्या सहाव्या पोराने पहिले पाऊल टाकले. भिवरा हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. पंतांनी एक हरभरा आणि एक खडा, दोन्ही टाकले, आणि आपण बरोबर केले की चूक, याचा संध्याकाळपर्यंत विचार करत बसले.

ही गोष्ट गावात लपून राहणे शक्यच नव्हते. आठवड्याभरात गल्लीतल्या कुत्र्यालाही कळले असावे. भिवराच्या नवऱ्याला वाटले, आपल्या घराची दरबारात वाहवा होणार. तो पोरांना धरून धरून गुदगुल्या करू लागला. शेवटी भिवराच ओरडली, “आवं, घाण्याकडं बघा जरा! बैल थांबलाय, आन तुमी म्हातारीलाबी गुदगुल्या करताय!”

त्यावर सगळे घर खरेखुरे हसले. पंतांनी मूठभर हरभरे टाकले.

सगुणाचे तसे नव्हते. ती मागावर बसे, गुणगुणे, एखादी घोंगडी मनासारखी उतरली की स्वतःशीच हसे. दारावरून जाणाऱ्याशी दोन शब्द थट्टेचे बोले. दिवसाला आठ-नऊ हरभरे, फार नाहीत. पण तिचे खड्यांचे मडके मात्र रिकामेच होते.

विसाव्या दिवशी हेमावतीला राहवेना. ती भरदुपारी सगुणाच्या घरी गेली आणि मागाशेजारी जमिनीवरच बसली.

“सगुणाबाई, माझं सगळं आयुष्य तुमच्या हसण्यावर अडकलंय,” ती म्हणाली. “दहाच दिवस उरलेत. जरा जास्त हसा. येता-जाता हसा. मी सुटेन हो. तुम्ही मागाल ते देईन.”

सगुणाने हातातला धोटा खाली ठेवला. तिला या मुलीचे फार वाईट वाटले. आपलीच तरुणपणीची धडपड तिला समोर बसलेली दिसत होती.

“ताईसाहेब, मी खोटं हसले तर तुमी सुटाल,” ती म्हणाली. “पर मंग तुमास्नी वाटंल, एकलीचं जगणं म्हंजी निस्ता आनंद. त्या भरवशावर तुमी जन्म काढाया जाल. आन एक दिस वाईट आला, की म्हणाल, सगुणानं फसवलं. तसलं मला करायचं न्हाई. मी हाय तशी ऱ्हाते. तुमी बघा, आन मंग तुमचं तुमी ठरवा.”

हेमावती रडवेली होऊन परतली. तिला त्या दिवशी सगुणाचा रागच आला होता.

आणि वाईट दिवस महिना संपायच्या आतच आला. पंचविसाव्या दिवशी सगुणाला ताप भरला. माग बंद पडला. दोन दिवस ती पडून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्यासाठी कशीबशी उठली, तर घडा रिकामा. ती तिथेच चुलीपाशी बसली आणि मोठ्याने रडू लागली.

पंत ताडकन उठले. त्यांनी भिवराला हाक मारली. भिवरा हातातले काम टाकून पाण्याची कळशी घेऊन धावली, मग पेज घेऊन आली. “मुकी हायस का गं? हाक मारायला काय झालं व्हतं?” असे रागावत तिने सगुणाला चार घोट पाजले आणि कपाळावर ओली पट्टी ठेवली.

पंत परत कडुलिंबाखाली येऊन बसले. त्यांनी एक खडा उचलला आणि मुठीत धरला. नाही टाकला तर कोणाला कळणार होते? पाटीवर अक्षर गिरवणारी छोटी हेमा त्यांना आठवत होती. या खड्याने तिचे नुकसान होणार, हे त्यांना दिसत होते. त्यांचा हात बराच वेळ हवेत राहिला. मग त्यांनी डोळे मिटून खडा मडक्यात टाकला. आयुष्यात इतके जड काम त्यांनी केले नव्हते.

महिना संपला. दरबार भरला. सगुणा आणि भिवरा, दोघींना बोलावणे गेले होते. हेमावती भावाशेजारी बसली होती. 

पंतांनी आकडे वाचले. भिवराच्या घरी हसणे अकराशे चार, रडणे सातशे साठ. सगुणाच्या घरी हसणे दोनशे एकतीस, रडणे एक.

दरबारात एकच कल्लोळ झाला. एक सरदार म्हणाला, हसणे जास्त तिथे सुख जास्त. दुसरा म्हणाला, रडणे कमी तिथे सुख जास्त. तिसऱ्याने सुचवले, भिवराचे घर माणसांनी भरलेले, तेव्हा अकराशेला दहाने भागावे. चौथा म्हणाला, मग खड्यांनाही भागा. पाचव्याला भागाकार येत नव्हता, तो नुसताच मान हलवत राहिला.

राजाने हात वर केला. “घराला घर लावायचं, माणशी भागायचं नाही. भरलेलं घर जास्त हसलं. शिवाय ही सगुणा एकदाच रडली, पण का रडली ते तिच्याच तोंडून ऐकू. सगुणा, खरं सांग. तू एकटी होतीस म्हणून रडलीस ना?”

“व्हय महाराज,” सगुणा म्हणाली. “एकली व्हते म्हणूनच रडले.”

हेमावतीने मान खाली घातली. राजा तिच्याकडे वळून म्हणाला, “ऐकलंस ना?” मग पुन्हा सगुणाकडे पाहून त्याने विचारले, “म्हणजे लग्न न केल्याचा पश्चात्ताप होतो ना?”

“न्हाई.”

“नाही?”

“बरी झाले, मागावर बसले, तवा पुन्यांदा ब्येस वाटलं. माझा येळ माझा, माझं ध्यान एका जागी. मला हे जगणं आवडतं, महाराज. त्याच्यापायी येवढं रडणं येनार, हे मला ठाव व्हतं. ते मी कबूल करूनच ऱ्हायले.”

राजा गोंधळला. तो भिवराकडे वळला. “तुझ्या घरी इतकं हसणं. तू तरी पूर्ण सुखी आहेस ना?”

“हाय की,” भिवरा म्हणाली. मग जरा घुटमळली. “पर खरं सांगू का? महिन्यातनं चारदा तरी वाटतं, उठावं, सगुणाच्या घरात जावं आन आतनं कडी लावून घ्यावी.”

दरबार खदखदून हसला.

“मग जात का नाहीस?”

“दिस कलायच्या आत पोरं हुडकत येतील. आन न्हाई आली, तर मीच त्येंना हुडकाया निघंन!”

 दोघी समोर उभ्या होत्या. दोघी रडल्या होत्या, दोघी हसल्या होत्या, आणि जागा बदलून देतो म्हटले असते तर दोघींनीही नको म्हटले असते. हे कोणत्या मडक्यात टाकावे, राजाला कळेना.

तेव्हा त्र्यंबकपंत पुढे झाले. “महाराज, मोजणीत चूक नाही. पण ती या दोघींची मोजणी आहे. ताईसाहेबांची नाही.”

राजाने बहिणीकडे पाहिले. त्याचा आवाज एकदम खाली आला. “हेमा, आई जाताना मला म्हणाली होती, हिला एकटी टाकू नकोस. मी कायम थोडाच असणार आहे? तुला ताप आला, घडा रिकामा असला, तर? मला त्याचीच भीती वाटते गं.”

त्याला बहिणीची इतकी काळजी होती, आणि महिनाभर तो दुसऱ्यांच्या घरचे हरभरे मोजत बसला होता!

हेमावतीच्या डोळ्यांत पाणी आले. “दादा, ती भीती मलाही वाटते. सगुणाबाईंनी ती माझ्यापासून लपवली नाही. मी त्यांच्याकडे खोटं हसणं मागायला गेले होते, त्यांनी मला खरं दाखवलं. म्हणून आज मी डोळे उघडे ठेवून सांगते, म्हातारपणी मला एकटं वाटेल. तरीही मला लग्न नको. आणि नुसत्या भीतीपायी मी बोहल्यावर उभी राहिले, तर त्या भल्या राजपुत्राचाही जन्म वाया घालवीन.”



 राजा शब्द पाळणारा माणूस होता, शब्दातून पळवाट काढणे त्याला आवडत नसे. शेवटी तो म्हणाला, “जास्त सुखी कोण, ते ठरलं तर तुझ्या लग्नाचं ठरणार होतं. ते मला ठरवता आलं नाही. मला मोजता आलं नाही, हे मी भर दरबारात कबूल करतो. तेव्हा तुझं तू ठरव.”

त्याच दिवशी त्याने शेजारच्या राज्यात मानाने नकार कळवला. राजपुत्राने पुढे दुसरीकडे लग्न केले आणि चांगला संसार केला. भिवराची थोरली मुलगी त्याच वर्षी हौसेने सासरी गेली. तिची पाठवणी करताना हेमावतीही गल्लीत उभी होती, आणि भिवराबरोबर तीही रडली. त्या मुलीचेही काही चुकले नव्हते.

हेमावती तबेल्यात रमली. लांबलांबून लोक तिच्याकडे घोडे घेऊन येऊ लागले. तिला पुढे कधी एकटे वाटले नाही, असे नाही. वाटले. एकदा आजारपणात ती सगुणासारखीच ढसाढसा रडलीही. पण रडताना तिने ना भावाला बोल लावला, ना सगुणाला, ना नशिबाला. डोळे पुसले, बरी झाली, आणि आपल्या घोड्यांकडे गेली.

तात्पर्य: लग्न करून, मुले वाढवून माणूस सुखी होऊ शकतो, आणि एकटे राहूनही होऊ शकतो. दोन्हीकडे रडणे आहेच. कोणते रडणे आपल्याला सोसेल, हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि आपल्या सुखाचे माप दुसऱ्याच्या घराला लावू नये.